देवळाच्या अंधारातील रहिवासी

आपल्या देवस्थानांचे इतिहास बहुधा एकाच वळणाचे असतात. मूळ स्थान कोणते, देव कोणत्या संकटात कोठे हलविला, सभामंडप कोणी बांधला, दीपमाळ कोणी उभारली, इनामपत्र कोणाच्या काळचे आणि जीर्णोद्धार केव्हा झाला, हा त्यांचा क्रम ठरलेला. ही माहिती मोलाची आहे आणि ती जपून ठेवणाऱ्यांचे आपण सर्वजण ऋणी आहोत. परंतु जुन्या देवळाच्या आश्रयाला देव, पुजारी आणि भाविक यांच्याखेरीज आणखी एक कुळ पिढ्यान् पिढ्या राहत आलेले आहे. त्याचा उल्लेख ह्या इतिहासांत आलाच तर तो 'देऊळ ओसाड पडले होते व आत वटवाघळांचा सुळसुळाट झाला होता' एवढ्या एका वाक्यात येतो. त्या वाक्यातील वटवाघूळ म्हणजे केवळ ओसाडीची खूण. त्याची आणखी विचारपूस कोणी करीत नाही. ती ह्या लेखात करावी असा आमचा मानस आहे.

वटवाघळांच्या जाती पुष्कळ. सर्वांची कथा एका लेखात मावणार नाही. म्हणून सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस, दक्षिण भारतात आणि सिंहलद्वीपात राहणारी एकच जात आम्ही निवडली आहे. शास्त्रज्ञ तिला 'ऱ्हायनोलोफस रूक्सी' म्हणतात. आम्ही तिला ह्या लेखापुरते 'तांबडे नालनाकी वटवाघूळ' म्हणू. गुहा, भुयारे, जुन्या विहिरी, मोठ्या झाडांच्या ढोल्या, पडकी घरे आणि देवळे ही हिची वसतिस्थाने. गोव्यापासून बेळगावच्या घाटमाथ्यापर्यंत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ही जात शेजारचीच म्हणावी लागेल.

प्रथम शब्दांचा इतिहास पाहू. अमरकोशात वटवाघळाला 'जतुका' आणि 'अजिनपत्रा' अशी नावे दिलेली आहेत. अजिन म्हणजे कातडे. जिचे पंख कातड्याचे ती अजिनपत्रा. पिसांच्या पंखांहून हा पंख निराळा आहे, तो ताणलेल्या चामड्याचा आहे, ही गोष्ट कोशकाराच्या काळी ठाऊक होती, एवढे ह्या एका शब्दावरून सिद्ध होते. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणत्या चोरीमुळे कोणती योनी मिळते याची यादी आहे. तीत गूळ चोरणारा 'वाग्गुद' होतो असे म्हटले आहे, आणि अभ्यासकांनी त्याचा अर्थ वटवाघूळ असा घेतला आहे. आपल्या बोलीतील 'वाघूळ' हा शब्द ह्याच घराण्यातला. गुळाच्या चोरीचा हा आरोप वडापिंपळावर लोंबणाऱ्या, फळे खाणाऱ्या मोठ्या वाघळावर एक वेळ शोभेल. आमचे नालनाकी वटवाघूळ मात्र ह्या आरोपातून निर्दोष सुटते. ते गोडाला तोंड लावीत नाही. त्याचे सर्व अन्न कीटकांचे. फळे खाणारी आणि कीटक खाणारी अशा ह्या दोन वर्गांत आपल्या बोलण्यात नेहमी गल्लत होते, आणि त्या गल्लतीचे परिणाम काय होतात हे पुढे दिसेल.

आता त्याचे रूप. हाताचे, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड सुमारे पाच सेंटिमीटर लांब; वजन दहापंधरा ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या सुपारीच्या आसपास. अंगावरची लव कोणाची करडी, कोणाची तपकिरी, तर कोणाची नारिंगी झाक मारणारी तांबडी. एकाच गुहेत हे सर्व रंग आढळतात. कान मोठे व टोकदार, डोळे बारीक. परंतु पाहणाऱ्याचे लक्ष खिळते ते नाकावर. नाकपुड्यांभोवती घोड्याच्या नालासारखी एक मांसल घडी, तिच्या मध्यावर एक लहानसा उंचवटा आणि वर भाल्याच्या पात्यासारखे उभे टोक, अशी ही रचना असते. 'ऱ्हायनोलोफस' ह्या ग्रीक नावाचा अर्थही 'नाकावर तुरा असलेला' असाच आहे. विसावताना हे वटवाघूळ इतर पुष्कळ जातींप्रमाणे भिंतीच्या भेगेत शिरत नाही. ते छताला पायांनी मोकळे लोंबते आणि दोन्ही पंख अंगाभोवती शालीसारखे लपेटून घेते. दुरून पाहिले तर छताला वाळलेली कमळकळी टांगली आहे असा भास व्हावा.

युरोपीय शास्त्रात ह्या जातीची नोंद १८३५ साली झाली. हॉलंडमधील लायडेन येथील प्रसिद्ध संग्रहालयाचा पहिला संचालक कुनराड याकोब टेमिंक याने पाँडिचेरी व कलकत्ता येथून आलेल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. 'रूक्सी' हे उपनाम पोलिदोर रू ह्या फ्रेंच चित्रकार-निसर्गवेत्त्याचे स्मरण राखते. मार्सेय येथील संग्रहालय सांभाळणारा हा गृहस्थ पूर्वेकडील प्रवासास निघाला आणि १८३३ साली मुंबईस मरण पावला. त्याच्या पश्चात दोन वर्षांनी ह्या जातीला त्याचे नाव मिळाले. त्यानंतर सिंहलद्वीपात केलार्ट ह्या डॉक्टराने १८५० साली तेथील तांबूस प्रकाराला 'रुबिडस' हे नाव दिले. त्याच्या अगोदर, १८४४ साली, कलकत्त्यात एडवर्ड ब्लाइथ याने ह्याच कुळातील एक लहान जात 'लेपिडस' ह्या नावाने वर्णिली होती. मध्य भारतातील कोरड्या मुलखात, म्हणजे आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांच्या प्रदेशात, नालनाकी वटवाघळांपैकी ही धाकटी जात प्रामुख्याने भेटते. तांबड्या जातीला दमट हवा आणि दाट झाडी अधिक मानवते.

ह्या काळातील शास्त्र बहुतांशी कातडी आणि कवट्या यांचे शास्त्र होते. तथापि त्याने केलेले एक मोठे काम विसरता येणार नाही. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली आणि ती पुढे बारा वर्षे चालली. खानदेश, धारवाड, कारवार, कोकण असे करीत तिचे संग्राहक देशभर हिंडले. त्यांपैकी एस्. एच्. प्रेटर हा तरुण १९१२ साली बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत पोहोचला. तेथे त्याला एक मोठ्या कानांचे वटवाघूळ मिळाले. ते कोणत्याही ज्ञात जातीशी जुळेना. लंडन येथे ओल्डफील्ड थॉमस याने १९१३ साली तिला नवी जात ठरविली आणि मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात नोकरी केलेल्या राउटन या अभ्यासकाचे नाव तिला दिले. ही जात नालनाकी कुळातील नव्हे. परंतु तिच्या कथेतून जो धडा मिळतो तो सर्वांना लागू आहे. विसावे शतक संपेपर्यंत साऱ्या जगात ह्या जातीचे एकच ठिकाण ठाऊक होते, आणि ते म्हणजे म्हादईच्या उगमाकडील ह्या गुहा. पुढे मेघालयात व कंबोडियातही ती सापडली. बारापेडे गुहा ज्या अरण्यात आहेत ते भीमगड अरण्य २०११ साली अभयारण्य झाले. एका गुहेचे तोंड बुजले असते तर एक संपूर्ण जात आपल्याला कळण्यापूर्वीच नाहीशी झाली असती की नाही, याचा वाचकांनीच विचार करावा.

कातड्यांच्या शास्त्राला न सुटलेला प्रश्न वेगळाच होता. काळोख्या गुहेत, जेथे आपल्याला आपला हात दिसत नाही तेथे, हे प्राणी एकमेकांस न आपटता उडतात कसे? हा प्रश्न युरोपात प्रथम नेटाने विचारला तो इटलीतील पाव्हिया येथील लाझारो स्पलान्झानी याने, १७९३ साली. योगायोग असा की त्याचीही वटवाघळे देवस्थानातलीच होती. पाव्हियाच्या मुख्य चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यातून त्याने ती धरविली. डोळे काढलेली वटवाघळे सोडून दिली, तरी ती मनोऱ्यात परत आली आणि त्यांची पोटे डोळस वटवाघळांइतकीच कीटकांनी भरलेली निघाली. प्रयोग क्रूर होता, हे सांगितलेच पाहिजे. पुढच्याच वर्षी जिनीव्हाच्या लुई ज्युरीन याने दाखविले की, कान बुजविले तर मात्र वटवाघूळ असहाय होते. परंतु कानांनी कोणी पाहतो, ही कल्पनाच त्या काळच्या पंडितांना हास्यास्पद वाटली. फ्रान्सचा थोर शास्त्रज्ञ क्यूव्हिए याने हे सारे पंखांच्या स्पर्शज्ञानाने होते असा निर्वाळा दिला, आणि त्याच्या अधिकारापुढे स्पलान्झानीचे सत्य जवळजवळ दीडशे वर्षे मागे पडले. १९३८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील डोनाल्ड ग्रिफिन ह्या विद्यार्थ्याने पिअर्स ह्या प्राध्यापकाच्या यंत्रासमोर वटवाघळे धरली, तेव्हा कळले की ती मुकी नाहीतच. ती सतत ओरडत असतात. फक्त ती पट्टी आपल्या कानांच्या पलीकडची आहे. आवाज सोडायचा आणि वस्तूवर आदळून आलेल्या प्रतिध्वनीवरून वस्तू ओळखायची, ह्या विद्येला ग्रिफिनने १९४४ साली जे नाव दिले त्याला मराठीत 'प्रतिध्वनिस्थाननिर्णय' म्हणता येईल.

ह्या विद्येत नालनाकी कुळ इतरांहून वेगळे आहे, हे जर्मनीतील म्योरेस याने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखविले. बहुतेक वटवाघळे तोंडाने ओरडतात. ही नाकाने ओरडतात. तोंड मिटलेले असते, आणि नाकावरचा तो विचित्र नाल आवाजाला दिशा देतो, जणू कर्ण्याचे तोंडच. ज्या अवयवाला आपण कुरूप म्हणतो तोच ह्या प्राण्याचा दिवा आहे.

त्यांच्या आवाजाची तऱ्हाही वेगळी. इतर पुष्कळ जातींचा आवाज क्षणार्धात वरून खाली घसरणारा असतो. नालनाकी वटवाघूळ एकच स्वर लांबवून धरते आणि शेवटी तो खाली सोडते. तांबड्या जातीचा हा स्वर सेकंदाला सुमारे पंचाहत्तर ते पंचाऐंशी हजार कंपनांचा असतो. माणसाच्या कानाची मर्यादा वीस हजारांची. म्हणजे हा स्वर आपल्या शेवटच्या स्वराहून जवळजवळ दोन सप्तके वर गेला. त्या स्वराची लांबी सेकंदाच्या विसाव्या भागाएवढी. आपल्याला ही लांबी नगण्य वाटते, परंतु वटवाघळांच्या जगात हा मोठाच आलाप होय.

आता येथे एक अडचण उभी राहते. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हा शिटीचा स्वर चढलेला वाटतो आणि दूर जाताना तो उतरतो, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. डॉप्लर ह्या शास्त्रज्ञाने १८४२ साली ह्याच तत्त्वाची मांडणी केली. त्याच न्यायाने उडत पुढे जाणाऱ्या वटवाघळाच्या कानी येणारा प्रतिध्वनी मूळ स्वराहून चढलेला असला पाहिजे. आणि ह्या प्राण्याचा कान तर एका ठराविक स्वराशीच असा जुळविलेला असतो की त्या स्वरातील बारीकात बारीक फरक त्याला कळावा. मग ते काय करते? हान्स-उलरिख श्निट्झलर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने युरोपातील मोठ्या नालनाकी वटवाघळावर प्रयोग करून १९६८ साली ह्याचे उत्तर दिले. वटवाघूळ उडताना आपला स्वतःचा स्वर नेमका तितकाच उतरविते, की परत येणारा प्रतिध्वनी पुन्हा त्याच्या कानाच्या षड्जावर येऊन बसावा. तंबोरा न हलविता गवयाने आपला गळा तंबोऱ्याशी मिळवावा, तसा हा प्रकार. फरक इतकाच की येथे गवई पळत असतो, आणि पळण्याच्या वेगाप्रमाणे दर क्षणी त्याला गळा नव्याने जुळवावा लागतो.

एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय, हे तांबड्या जातीच्या अभ्यासावरूनच उत्तम कळते. म्युनिकचे प्राध्यापक गेर्हार्ड नॉइवाइलर आणि त्यांचे सहकारी यांनी सिंहलद्वीपाच्या अरण्यात ह्या जातीचा माग काढला आणि १९८७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही वटवाघळे मोकळ्या आकाशात शिकार करीत नाहीत. ती दाट झाडीच्या आत, पानापानांतून उडतात. तेथे प्रत्येक पान, प्रत्येक डहाळी प्रतिध्वनी देते. ह्या कोलाहलात लहानसा पतंग ओळखायचा कसा? पान स्थिर असते. त्याचा प्रतिध्वनी सरळ, एकसुरी येतो. पतंग पंख फडफडवितो. त्याच्या प्रतिध्वनीत आंदोलन येते. लांब धरलेल्या षड्जावर अचानक गमक ऐकू यावी तसे हे आहे. ज्या कानाला षड्ज पक्का ठाऊक आहे त्यालाच ती गमक कळते. म्हणून स्वर लांब, म्हणून तो स्थिर, आणि म्हणूनच तो कानाशी मिळविण्याची ही धडपड. जो कीटक हालचाल न करता बसला तो ह्या वटवाघळापासून वाचतो.

संध्याकाळी बाहेर पडल्यावर ही वटवाघळे अर्धा ते एक तास सलग उडत शिकार करतात, असे त्या अभ्यासात आढळले. त्यानंतर ती आपापल्या ठरलेल्या डहाळीला लोंबतात, पायांवर अंग फिरवीत चहूकडे आवाज टाकतात, आणि जवळून कीटक गेला की झडप घालून परत त्याच डहाळीवर येतात. तारेवर बसलेला वेडा राघू दिवसा जे करतो, तेच हे रात्री करते. पतंग, भुंगेरे, टोळ, माश्या, डास, पंख फुटलेली वाळवी हे ह्याचे भक्ष्य. ज्या देवळाभोवती देवराई अजून उभी आहे तेथे ह्या प्राण्याचे घर आणि शेत दोन्ही एकाच ठिकाणी असतात. देऊळ राहिले पण राई तुटली, तर घर राहून शेत गेले असे होते.

आपल्या देशातील अभ्यासाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. आंद्रे ब्रॉसे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने मध्य व पश्चिम भारतातील वटवाघळांवरील आपली दीर्घ लेखमाला १९६२-६३ साली मुंबईच्याच सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आपल्या भागातील वटवाघळे कोठे राहतात, केव्हा वितात, कोणाशी शेजार करतात, ह्याचे ते पहिले विस्तृत निरीक्षण होय. मदुराई कामराज विद्यापीठात एम्. के. चंद्रशेखरन् व त्यांचे सहकारी यांनी नालनाकी कुळाच्या जवळच्या नात्यातील एका जातीवर केलेला प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. काळोख्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळाला सूर्य दिसत नसला, तरी गुहेतील आप्तांच्या जाण्यायेण्यावरून त्याचे दिवसरात्रीचे घड्याळ बरोबर चालते, असे त्यांनी सिद्ध केले. ज्याला आपण 'सुळसुळाट' म्हणतो तो अशा रीतीने एक समाज आहे.

त्या समाजाचे वर्ष कसे जाते? हिवाळ्यात समागम, सुमारे पाच महिने गर्भावस्था, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर पिल्लाचा जन्म. पिल्लू एकच, वर्षातून एकदाच. ते आईच्या अंगाला चिकटून राहते. त्याचा कान आणि त्याचा स्वर दोन्ही आरंभी खालच्या पट्टीत असतात, आणि काही आठवड्यांत दोन्ही बरोबरीने चढत प्रौढांच्या पट्टीला पोहोचतात. उंदराची वीण मोठी आणि आयुर्मर्यादा अल्प. ह्या कुळाचे अगदी उलट आहे. युरोपातील मोठे नालनाकी वटवाघूळ तीस वर्षे जगल्याची नोंद आहे. दीर्घायुषी आणि अल्पप्रसव, असे हे कुळ. एका उन्हाळ्यात पन्नास माद्या मेल्या तर ती उणीव भरून यायला अनेक वर्षे लागतात.

नावांच्या इतिहासात अलीकडे दोन मोठे फेरफार झाले, आणि दोन्ही आमच्या विषयास लागून आहेत. दक्षिण भारतात ह्या जातीचे दोन स्वर ऐकू येतात, एक ऐंशी हजार कंपनांच्या आसपासचा आणि दुसरा नव्वद हजारांच्या वरचा. रूप सारखेच, परंतु रक्तातील आनुवंशिक द्रव्य तपासले तेव्हा ह्या दोन निराळ्या जाती ठरल्या. चढ्या स्वराच्या जातीला भारतीय संशोधकांनी २०१२ साली 'इंडोरूक्सी' हे नाव दिले. जे डोळ्यांना पावणेदोनशे वर्षे कळले नाही ते कानांनी कळले. स्पलान्झानीचा पक्ष येथेही खरा ठरला.

दुसरा फेरफार चीनकडचा. तेथील नालनाकी वटवाघळाला १९०५ साली आंडरसन याने 'सिनिकस' हे नाव दिले, आणि पुढे अनेक दशके ते आपल्या तांबड्या जातीचाच एक पोटप्रकार गणले जाई. गेल्या शतकाच्या शेवटी ती वेगळी जात ठरली. २००२-०३ साली सार्स हा रोग पसरला. त्याच्या विषाणूचे आप्त चिनी नालनाकी वटवाघळांत असल्याचे २००५ साली दिसून आले. पुढे २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा ह्या कुळाचे नाव वृत्तपत्रांत घरोघर पोहोचले आणि आपल्याकडेही वटवाघळांविषयी भीती पसरली. वड तोडावेत, गुहा पेटवाव्यात, अशी भाषा सुरू झाली. तेव्हा दक्षिण आशियातील साठाहून अधिक अभ्यासकांना एकत्र येऊन निवेदन काढावे लागले. त्याच वर्षी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी देशातील फळे खाणाऱ्या दोन प्रकारच्या वटवाघळांत काही कोरोना-विषाणू आढळल्याचे सांगितले. परंतु ते कोविडचे विषाणू नव्हते. वन्य प्राणी हाताळू नये, त्याची विष्ठा नाकातोंडावर कापड न बांधता झाडू नये, हा शहाणपणा प्रत्येकाने पाळलाच पाहिजे. मात्र अंधारात लोंबणाऱ्या प्राण्याला स्वतः होऊन माणसाकडे येण्याचे काही कारण नसते. बहुधा माणूसच त्याच्याकडे जातो. कायद्यानेही ह्या बाबतीत उशिराच न्याय केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदराकावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले होते. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली. पन्नास वर्षे ह्या यादीमुळे 'वटवाघूळ म्हणजे उपद्रवी' हा समज बळावला, आणि कीटक खाणाऱ्या जातींनाही तो भोवला.

आता ह्या इतिहासातून निघणारा प्रश्न आम्ही आमच्या वाचकांपुढे, विशेषतः देवस्थान-समित्यांच्या सभासदांपुढे, स्पष्टपणे ठेवतो. आपल्याकडे जीर्णोद्धाराची कामे बहुधा चैत्र-वैशाखात निघतात. मुंबईचे चाकरमानी त्या वेळी घरी असतात, दूरदेशीचे कुळावी देवदर्शनाला आलेले असतात, वर्गणी जमते, गवंडी मिळतात आणि पावसापूर्वी काम उरकायचे असते. ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु नेमक्या ह्याच दिवसांत भुयारात, माळ्यावर किंवा मागच्या अंधाऱ्या कोनाड्यात माद्या गर्भार असतात, किंवा त्यांच्या अंगाला पिल्ले चिकटलेली असतात. धूर केला, भोक बुजविले, औषध फवारले, की एका दुपारी पिढी संपते, आणि त्यात कोणाचा वाईट हेतूही नसतो. ज्याने हे केले त्याने केवळ देऊळ स्वच्छ केलेले असते.

गाभाऱ्यात देव आणि वटवाघूळ एकत्र नांदावेत असे आमचे म्हणणे नाही. पूजेची जागा स्वच्छ असलीच पाहिजे; अजिंठ्यासारख्या ठिकाणी जेथे भिंतीवर चित्रे आहेत तेथे वटवाघळांना दूर ठेवणेही भाग आहे, कारण त्यांच्या मलमूत्राने चित्रे खराब होतात. प्रश्न आहे तो वेळेचा आणि जागेचा. काम हाती घेण्यापूर्वी दोनचार संध्याकाळी आत काय राहते हे पाहावे; जाणकारास दाखवावे. अंधाऱ्या भागातील काम चैत्र ते श्रावण टाळून आश्विनानंतर, पिल्ले उडू लागल्यावर, करावे. भोक बुजवायचेच असेल तर रात्री सर्वजण बाहेर पडल्यानंतर बुजवावे. जे भुयार वापरात नाही, ज्या जुन्या विहिरीचे पाणी कोणी भरत नाही, तेथे रात्रभर जळणारा विजेचा दिवा लावू नये. सुरक्षिततेसाठी तोंड बंद करायचे तर जाळी किंवा दार न लावता सुमारे पंधरा सेंटिमीटर अंतरावर आडवे गज बसवावेत. माणूस अडतो आणि वटवाघूळ उडत आत जाते. आणि देवळाभोवतीची राई, जी पूर्वजांनी देवाच्या नावाने राखली, ती वाहनतळासाठी तोडू नये.

तांबडे नालनाकी वटवाघूळ आज नामशेष होण्याच्या वाटेवर आहे असे कोणी म्हणत नाही. जागतिक सूचीत त्याची गणना अजून सुरक्षित जातींतच होते. परंतु कर्नाटकात कोलारजवळ त्याच्या नात्यातील एक जात आज एकाच गुहेत उरली आहे, हे विसरून चालणार नाही. जात टिकते ती वसतींनी, आणि वसती जाते ती एकेका भुयाराने, एकेका जीर्णोद्धाराने. ज्या समाजाने परचक्रात देव डोक्यावर घेऊन डोंगर ओलांडले आणि त्याला नवे घर दिले, त्याला आश्रयाची किंमत शिकवावी लागू नये. पुढच्या वेळी आपल्या देवस्थानाचा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा दाते आणि गवंडी यांच्या नावांबरोबर आत आणखी कोण राहत होते, आणि काम कोणत्या महिन्यात केले, हेही त्यात नमूद व्हावे, एवढीच आमची सूचना आहे.